हेन्री लेथबी

हेन्री लेथबी (इ.स. १८१६, प्लिमथ, इंग्लंड – २८ मार्च, इ.स. १८७६, लंडन) हे एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध ब्रिटिश रसायनतज्ज्ञ, विषशास्त्रज्ञ आणि लंडन शहराचे आरोग्याधिकारी होते. अन्नातील भेसळ, दिव्याच्या वायूची शुद्धता, पिण्याचे पाणी आणि कारखान्यांतील विषबाधा हे त्यांच्या कार्याचे मुख्य विषय होत. इ.स. १८६२ मध्ये त्यांनी ॲनिलीन या द्रव्यातून विजेचा प्रवाह सोडून एक निळसर हिरवा पदार्थ मिळवला. हा पदार्थ म्हणजेच आज ‘पॉलिॲनिलीन’ या नावाने ओळखले जाणारे विद्युत्‌वाहक बहुवारिक होय. हवेतील अमोनियाचा अत्यल्प अंश ओळखणारे अब्जांश तारांचे संवेदक बनविण्यासाठी हे बहुवारिक सध्या मोठ्या प्रमाणावर अभ्यासले जाते. शहराच्या वायूतील अमोनियाचे परीक्षण हा लेथबी यांच्याही कामाचा भाग होता. मात्र आपल्या हाती आलेला पदार्थ त्या कामास उपयोगी पडेल, याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

लेथबी यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यातील प्लिमथ या बंदराच्या गावी झाला. रसायनशास्त्राचे प्राथमिक शिक्षण त्यांनी रॉयल कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटी या संस्थेत घेतले. इ.स. १८३७ मध्ये त्यांनी वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला. औषधिद्रव्यांचे नामवंत अभ्यासक जोनाथन परेरा यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले. इ.स. १८४२ मध्ये लंडन विद्यापीठाची वैद्यकातील पदवी त्यांना मिळाली. पुढे लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात ते रसायनशास्त्र व विषशास्त्र शिकवू लागले. लिनियन सोसायटी आणि केमिकल सोसायटी या दोन्ही विद्वत्संस्थांचे ते सदस्य होते.

विषशास्त्र आणि पामर खटला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील न्यायालयांत रसायनतज्ज्ञांची साक्ष महत्त्वाची ठरू लागली होती. मृताच्या शरीरात विष आहे किंवा नाही हे डोळ्यांनी दिसत नसे. ते प्रयोगशाळेतच शोधावे लागे. आर्सेनिकसारखी खनिज विषे ओळखण्याच्या खात्रीलायक पद्धती तोवर सापडल्या होत्या. कुचल्यापासून मिळणाऱ्या स्ट्रिक्नीनसारख्या वनस्पतिजन्य विषांचा शोध मात्र अवघड होता. स्ट्रिक्नीन ओळखण्यासाठी लेथबी यांनी विजेचा उपयोग करणारी एक चाचणी सुचविली. तीत गंधकाम्लात विरघळवलेल्या नमुन्याला विद्युत घटाच्या धन टोकाचा स्पर्श केला असता जांभळा रंग उमटत असे.

इ.स. १८५६ मध्ये विल्यम पामर या वैद्यावर आपला मित्र जॉन पार्सन्स कुक याला विष देऊन ठार मारल्याचा खटला लंडनमध्ये चालला. मृताच्या शरीरात स्ट्रिक्नीन सापडले नव्हते. विष शरीरात शोषले जाऊन हाती लागेनासे होऊ शकते, असे सरकार पक्षाचे तज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांचे म्हणणे होते. लेथबी यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. स्ट्रिक्नीन शरीरात दीर्घकाळ टिकून राहते आणि योग्य रीतीने शोधल्यास ते सापडते, असे त्यांचे मत होते. पंचांनी पामरला दोषी ठरवले आणि १४ जून १८५६ रोजी त्याला फाशी देण्यात आली. रासायनिक चाचणीत जे आढळले नाही ते नव्हतेच असे मानावे काय, हा त्या खटल्यातील वादाचा गाभा होता. लेथबी यांच्या पुढील आयुष्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला.

लंडन शहराचे आरोग्याधिकारी

इ.स. १८५५ मध्ये जॉन सायमन यांच्यानंतर लेथबी यांची ‘सिटी ऑफ लंडन’चे आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली. सुमारे एक चौरस मैलाच्या या जुन्या नगरात त्या वेळी एक लाखाहून अधिक लोक दाटीवाटीने राहत होते. लेथबी यांनी हे पद जवळजवळ दोन दशके सांभाळले. मृत्यूंच्या नोंदी ठेवणे, गरिबांच्या कोंदट घरांची पाहणी करणे, बाजारातील सडलेले व रोगट मांस जप्त करविणे आणि अन्नपदार्थांतील भेसळ तपासणे ही त्यांची नित्याची कामे होती. त्यांचे अहवाल शहराबाहेरही वाचले जात. गटारांत साचणाऱ्या वायूंचाही त्यांनी अभ्यास केला. आहारावर त्यांनी इ.स. १८६८ मध्ये ‘सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ या संस्थेत दिलेली व्याख्याने इ.स. १८७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

वायुपरीक्षक

त्या काळी लंडनचे रस्ते आणि घरे दगडी कोळशापासून काढलेल्या वायूच्या दिव्यांनी उजळत. बंद भट्टीत कोळसा तापवला की जळाऊ वायूबरोबर डांबर, हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनियाही बाहेर पडतो. कोळशातील नायट्रोजनपासून तयार होणारा हा अमोनिया पाण्याने धुऊन काढावा लागे. तो तसाच राहिला तर पितळी नळ व तोट्या झिजत आणि जळताना त्यापासून घातक धूर निघे. म्हणून ग्राहकांना मिळणारा वायू शुद्ध आहे किंवा नाही हे तपासण्यासाठी कायद्याने परीक्षक नेमण्यात आले. लेथबी हे काही वर्षे व्यापार मंडळाच्या अधिपत्याखाली लंडन शहराचे मुख्य वायुपरीक्षक होते. दिव्याच्या ज्योतीचे तेज मोजण्याचे एक उपकरण आणि वायूतील गंधक मोजण्याची एक पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जात असे.

वायूतील अमोनिया ओळखण्याचे त्या काळचे एक साधन म्हणजे हळदीत बुडवून वाळवलेला कागद. वायूचा झोत त्यावर सोडल्यावर पिवळा कागद तपकिरी झाला, तर वायूत अमोनिया आहे असे समजत. हळदीचा डाग साबणाने तांबडा होतो, हे महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. दोन्हींमागचे कारण एकच आहे. आम्लारीच्या सान्निध्यात हळदीतील रंगद्रव्याची रचना पालटते आणि तिच्याबरोबर रंगही पालटतो. अमोनियाचे नेमके प्रमाण ठरवायचे असल्यास वायू सौम्य गंधकाम्लाने ओल्या केलेल्या काचमण्यांवरून नेत आणि किती आम्ल खर्ची पडले ते मोजत.

नायट्रोबेंझीनची विषबाधा

इ.स. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन यांना ॲनिलीनपासून जांभळा कृत्रिम रंग मिळाला आणि कापडाच्या रंगाईत मोठी क्रांती घडली. ॲनिलीन हे नाव ‘नीळ’ या शब्दावरूनच आलेले आहे. इ.स. १८४० च्या सुमारास कार्ल युलियस फ्रिट्‌शे यांनी हे द्रव्य नीळीपासून मिळवले होते. संस्कृत ‘नीली’ हा शब्द अरबी आणि पोर्तुगीज भाषांतून प्रवास करीत युरोपात ‘अनिल’ असा रूढ झाला होता आणि त्यावरून हे नाव देण्यात आले. रंगांची मागणी वाढली तसे ॲनिलीन डांबरातील बेंझीनपासून तयार होऊ लागले. त्यासाठी आधी नायट्रोबेंझीन बनवावे लागे. कडू बदामासारख्या वासामुळे नायट्रोबेंझीन साबणातही सुगंधासाठी वापरत. त्याचे विषारीपण मात्र कामगारांना ठाऊक नव्हते.

लेथबी यांच्यासमोर नायट्रोबेंझीनमुळे झालेले दोन मृत्यू आले. पहिला मृत ४३ वर्षांचा होता. त्याच्या कपड्यांवर हे द्रव्य सांडले होते आणि तो त्याच कपड्यांनिशी कित्येक तास वावरत राहिला. दुसरा १७ वर्षांचा मुलगा होता. वक्रनळीने द्रव्य ओढून घेताना त्याच्या तोंडात ते थोडेसे गेले. दोघांनाही आरंभी काही जाणवले नाही. काही तासांनी दारू प्यायल्यासारखी गुंगी आली, ओठ व चेहरा काळवंडला आणि मग बेशुद्धीतच मृत्यू ओढवला. वास गोड आणि परिणाम उशिरा, यामुळे हे विष विशेष घातक होते. धोक्याची जाणीव होईपर्यंत उपायाची वेळ टळून गेलेली असे.

लेथबी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून या विषाची क्रिया अभ्यासली. शरीरात गेलेल्या नायट्रोबेंझीनचे ॲनिलीनमध्ये रूपांतर होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो रॉयल सोसायटीला सादर केला. अशा विषबाधेत रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन बनते, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि म्हणून त्वचा निळसर पडते, हे आज ज्ञात आहे.

इ.स. १८६२ चा प्रयोग

मृत शरीरात ॲनिलीन असल्यास ते ओळखायचे कसे, हा आता लेथबी यांच्यापुढचा प्रश्न होता. स्ट्रिक्नीनच्या चाचणीप्रमाणेच येथेही त्यांनी विजेचा आधार घेतला. सौम्य गंधकाम्लात ॲनिलीन मिसळून त्यात त्यांनी प्लॅटिनमचे पत्रे बुडवले आणि विद्युत घटाचा प्रवाह सोडला. धनाग्राच्या पत्र्यावर निळसर हिरव्या पदार्थाचा थर साचला. हा पदार्थ पाण्यात विरघळत नसे. आम्लात तो हिरवा राही आणि आम्लारीने निळा होई. इ.स. १८६२ मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी याविषयीचा छोटा निबंध प्रसिद्ध केला.

ॲनिलीनपासून निळा रंग मिळतो हे फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे यांनी इ.स. १८३४ मध्येच नोंदवले होते. परंतु विजेच्या साहाय्याने पॉलिॲनिलीन मिळवल्याची पहिली नोंद म्हणून लेथबी यांच्या निबंधाचा उल्लेख केला जातो. या पदार्थाची रचना त्यांच्या काळात कोणालाच उकलणे शक्य नव्हते. अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन महारेणू बनतात, ही कल्पना हर्मन श्टाउडिंगर यांनी इ.स. १९२० मध्ये मांडली. लेथबी यांच्या दृष्टीने तो थर म्हणजे विषाची खूण होती आणि त्यांचे लक्ष तिच्या रंगावर होते. त्या थरातून वीज वाहते काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता.

पाण्याविषयीचा वाद

इ.स. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली आणि साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली. विल्यम फार यांनी मृत्यूंची आकडेवारी मांडून ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या पाण्याकडे बोट दाखवले. कंपनीने ओल्ड फोर्ड येथील उघड्या तळ्यातले न गाळलेले पाणी पुरवल्याचे पुढे उघडकीस आले. काही घरांच्या नळांतून मासेही निघाले होते. लेथबी यांना मात्र साथीचे मूळ पाण्यात आहे हे मान्य नव्हते.

लंडनच्या पाणीपुरवठ्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. सांडपाणी वीसपट नदीच्या पाण्यात मिसळले आणि ते सुमारे बारा मैल वाहत गेले, तर त्याचा कोणताही अंश रासायनिक रीतीने सापडत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यावरून नदी स्वतःला शुद्ध करते आणि असे पाणी पिण्यास योग्य होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी या मताला कडाडून विरोध केला. एकदा मैला मिसळलेले पाणी रासायनिक चाचणीत निर्मळ ठरले तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

लेथबी यांचे निरीक्षण खोटे नव्हते. वाहत्या पाण्यातील सेंद्रिय मळ खरोखरच कमी होतो. चूक होती ती निष्कर्षात. पटकीचे कारण एखादे रासायनिक द्रव्य नसून जिवंत सूक्ष्मजीव आहे आणि तो पाण्याच्या रासायनिक पृथक्करणात दिसत नाही. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू इ.स. १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथील संशोधनातून ओळखला. तोवर लेथबी हयात नव्हते. एका कारखान्यातील मुलाच्या मृत्यूचे अदृश्य कारण ज्या चिकाटीने त्यांनी शोधून काढले, तीच चिकाटी हजारो मृत्यूंच्या कारणापर्यंत त्यांना नेऊ शकली नाही, कारण त्यांच्याजवळचे साधन त्या कारणासाठी नव्हतेच.

निधन

इ.स. १८७४ च्या सुमारास लेथबी आरोग्याधिकाऱ्याच्या पदावरून निवृत्त झाले. २८ मार्च १८७६ रोजी लंडनमधील रीजंट्स पार्कजवळील ससेक्स प्लेस येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

पॉलिॲनिलीनचा पुढील इतिहास

इ.स. १८६३ मध्ये जॉन लाइटफूट यांनी ॲनिलीनचे सुती कापडावरच ऑक्सिडीकरण करून पक्का काळा रंग देण्याची पद्धत शोधली. ‘ॲनिलीन ब्लॅक’ या नावाने ती सूतगिरण्यांच्या जगात रूढ झाली. इ.स. १९१० मध्ये आर्थर ग्रीन आणि त्यांचे सहकारी वुडहेड यांनी या पदार्थाची वेगवेगळी रूपे ओळखली. त्यांपैकी एकाला पाचूच्या रंगावरून ‘एमराल्डीन’ हे नाव मिळाले.

इ.स. १९७७ मध्ये ॲलन मॅकडायर्मिड, ॲलन हीगर आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीन हे बहुवारिक धातूप्रमाणे विद्युत्‌वाहक होऊ शकते असे दाखवले. या शोधासाठी त्यांना इ.स. २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मॅकडायर्मिड यांनी पुढे इ.स. १९८० च्या दशकात पॉलिॲनिलीनकडे लक्ष वळवले. निळे एमराल्डीन जवळजवळ विद्युत्‌रोधक असते. आम्लातील प्रोटॉन त्याच्या साखळीला चिकटले की ते हिरवे होते आणि त्याची विद्युत्‌वाहकता अब्जावधी पटींनी वाढते. लेथबी यांच्या पत्र्यावरील थराचा हिरवा आणि निळा रंग म्हणजे वस्तुतः वाहक आणि अवाहक अशा दोन अवस्था होत्या.

अमोनिया ओळखणाऱ्या अब्जांश तारा

अमोनिया हा आम्लारिधर्मी वायू आहे. त्याचा रेणू हिरव्या पॉलिॲनिलीनला भेटला की साखळीवरील प्रोटॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे विद्युत्‌भार वाहणारे घटक कमी होतात आणि पदार्थाचा विद्युत्‌रोध वाढतो. शुद्ध हवा खेळती झाली की बराचसा अमोनिया निघून जातो आणि रोध पुन्हा उतरतो. रोधातील हा फरक मोजला की हवेतील अमोनियाचा अंदाज येतो. हळदीच्या कागदावर जो बदल डोळ्यांना रंगाने दिसे, तोच येथे विजेच्या मापाने कळतो.

जाड थर वापरल्यास वायूला आतपर्यंत शिरण्यास वेळ लागतो. म्हणून संशोधकांनी पॉलिॲनिलीनच्या अतिसूक्ष्म तारा बनवल्या. माणसाचा केस साधारणतः ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. या तारांची जाडी काही दहा ते काही शे नॅनोमीटर असते. त्यामुळे तारेचा बहुतेक भाग पृष्ठभागालगतच राहतो आणि वायूचा परिणाम झटकन होतो. इ.स. २००४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा एकेकट्या तारेच्या साहाय्याने हवेच्या दशलक्ष भागांत अर्धा भाग इतका अल्प अमोनिया ओळखला. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी सुरक्षित मानली जाणारी सर्वसाधारण मर्यादा दशलक्ष भागांत २५ भाग अशी आहे.

या तारा काढण्याच्या अनेक रीती आहेत. सच्छिद्र साच्यात बहुवारिक वाढवणे ही एक रीत आहे. उच्च विद्युत्‌दाबाने द्रावणाचा सूक्ष्म धागा ओढून काढणे ही दुसरी. तिला विद्युत्‌कताई म्हणता येईल. तिसऱ्या रीतीत अगदी जवळ ठेवलेल्या दोन सूक्ष्म अग्रांमध्ये आम्लमिश्रित ॲनिलीनमधून प्रवाह सोडून तार वाढवली जाते. ही रीत म्हणजे लेथबी यांच्या प्रयोगाचेच सूक्ष्म रूप आहे.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, सोलापूर विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे विद्युत्‌वाहक बहुवारिकांच्या वायुसंवेदकांवर संशोधन झालेले आहे. खतांचे कारखाने आणि अमोनियावर चालणारी शीतगृहे यांना अशा संवेदकांचा उपयोग आहे. यंत्रमाग, कापडप्रक्रिया आणि गोदामे एकाच परिसरात असलेल्या भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या शहरात वायुगळतीची सूचना वेळेवर मिळणे विशेष महत्त्वाचे ठरते.

या संवेदकांना मर्यादाही आहेत. हवेतील आर्द्रता आणि तापमान यांचा त्यांच्या रोधावर परिणाम होतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा दोष अधिक जाणवू शकतो. काळ जाईल तशी त्यांची संवेदनशीलता घटते आणि इतर आम्ल व आम्लारी वायूंनाही ते प्रतिसाद देतात. ज्या वायूसाठी संवेदक बनवला आहे तेवढ्याचाच निर्वाळा तो देऊ शकतो. त्याने सूचना दिली नाही म्हणजे हवेत धोका नाहीच, असे समजता येत नाही.

मूल्यमापन

समकालीनांमध्ये लेथबी यांची ख्याती अत्यंत काटेकोर पृथक्करण करणारे रसायनतज्ज्ञ अशी होती. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्यांचे नाव पाण्याच्या वादातील चुकलेल्या बाजूशी जोडले जाते, तर रसायनशास्त्रात इ.स. १८६२ च्या लहानशा निबंधामुळे ते टिकून आहे. औद्योगिक विषबाधेकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांतही त्यांची गणना करावी लागते. कारखान्यातील दोन मृत्यूंच्या चौकशीतून सुरू झालेले त्यांचे काम आज कारखान्यांतील हवेवर लक्ष ठेवणाऱ्या संवेदकांच्या रूपाने पुढे चालू आहे.